बाबांचं कपलिंग

५ ऑक्टो., रविवार
ऑटोफोकस आज पण फेल. सात वेळा चालवला, सात वेळा लाल पट्टी. दुर्बिणीची नळी बाहेर येते बरोबर, आत जाताना एका जागी अडते, मोटर नुसती कुरकुरते. ग्राफ व्हीसारखा यायला पाहिजे, अर्धाच येऊन राहिला. दसऱ्याच्या आधी ठीक होता.
गाइडिंग पण खराब, दुर्बीण ताऱ्यासोबत नीट फिरत नाही. तारे गोल नाही, लांबट. स्टेशनच्या लाइटांचा दोष नाही, मदन महलच्या टेकडीकडे काळोख आहे तिकडे पण तेच.
सरांचा मेसेज आला. दुर्बीण त्यांचीच, विजय नगरवाले. "१९ को आऊंगा. शाम से चार घंटे बिना हाथ लगाए चलाकर दिखाओ, फिर फार्म वाली तुम संभालना." नाही चालली तर ही पण परत नेतील. फार्मवर मोठी दुर्बीण, पक्की खोली, आजूबाजूला कोणी नाही. तिथं कोणाशी बोलावं लागणार नाही. शाळा त्याच्यानंच सुटली ना. उभं राहून दोन ओळी बोलता येईना...
खाली अजून लिहिलं होतं, "महँगी चीज़ है, घर वालों को हाथ मत लगाने देना."
मी लिहिलं, जी.

७ ऑक्टो.
गाइडिंग सापडलं!! खंडेनवमीला आईनं पूजेचा नाडा बांधला तो केबलसकट स्टँडला. दुर्बीण पश्चिमेला वळली का केबल ताणते. कैची घेतली तर आई ओरडली.
"पूजेचा आहे, कापू नको!"
"मग?"
"सोड ना हळूच. हात आहेत ना तुला?"
सोडला. आईच्याच मनगटाला बांधून दिला. आता स्क्रीनवर गाइडिंगची रेघ एकदम सीधी, तारे गोल. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
ऑ.फो. मात्र तसाच.

९ ऑक्टो.
सरांचा व्हिडिओ कॉल. मी माझं तोंड नाही दाखवलं, दुर्बीणच दाखवली. मोटर आणि फोकसची घुंडी जोडणारा पितळेचा तुकडा आहे ना, कपलिंग, त्याच्यावर थांबले.
"ये किसने बनाया?"
"बाबांनी... पापाने."
"अरे, यही गड़बड़ है. लोकल काम है, टेढ़ा होगा."
मी म्हटलं, जी.
फोन स्पीकरवर होता. बाबा चहा घेऊन गच्चीच्या जिन्यात उभे. कप कठड्यावर ठेवला, खाली गेले.
जी काहून म्हटलं मी.

१० ऑक्टो.
सकाळी बाबांनी कपलिंग स्वतःच काढलं, डब्याच्या पिशवीत टाकून रिछाईला कारखान्यात नेलं. त्यांच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत बनवलं होतं ते.
संध्याकाळी म्हणे, "मोजलं. सीधं आहे. तरी दुसरं करून आणलं."
नवीन लावलं. फेल.
आईनं विचारलं चहा कसा झाला. बाबा म्हणाले, "लोकल."

१३ ऑक्टो., सोमवार
दिवसाच खोलली. नळी पूर्ण बाहेर ओढली, खाली दात्यांची पट्टी. टॉर्च मारला. एका दात्यात पिवळं काहीतरी. सुईनं काढलं.
तांदूळ. अर्धा दाणा. हळदीचा.
अक्षता मीच टाकल्या होत्या. बाबा बोलले होते खंडेनवमीच्या पूजेत, "पायाशी ठेव बेटा, वरून नको. आमच्याकडं लेथच्या बेडवर एक दाणा पडू देत नाही." तोपर्यंत मी मूठभर उडवल्या होत्या, लग्नात टाकतात तशा. नळी तेव्हा बाहेरच होती.
संध्याकाळी पास. पूर्ण व्ही. जुनं कपलिंग लावून बघितलं, ते पण पास. मग परत नवीन लावलं, जुनं खिडकीत ठेवलं.
दाणा माचिसच्या डबीत.

१४ ऑक्टो.
"चाललं?" बाबांनी विचारलं.
"हो."
"नवीनवालं ना?"
"...हो."
"मग जुनंच वाकडं असेल. डोळे तपासून घेतो एकदा. बावीस वर्षं झाली मशीनवर, आता..."
जाताना जुनं उचलून भंगाराच्या डब्यात टाकलं. ते गेल्यावर मी काढलं. पुसलं.

१६ ऑक्टो.
सरांनी विचारलं, नया पार्ट मंगवाया? मी "पापा का पार्ट सही था, गलती मेरी" टाइप केलं, खोडलं. घर वालों को हाथ मत लगाने देना, आणि इथं तर पूजाच करून ठेवली. कळलं तर फार्म गेलं.
आणि मेसेज करून काय होते. बाबांनी ते "लोकल" स्वतःच्या कानानं ऐकलं.
बाथरूमात नळ चालू करून बोलून बघितलं. "सर, गलती मेरी थी." चार वेळा झालं. बाबांना सांगायचं वाक्य एकदा पण पूर्ण नाही झालं.

१८ ऑक्टो.
जुनं कपलिंग परत लावलं. उद्या त्याच्यावरच.
"बाबा, उद्या सहाला वर याल?"
"मी काहून? सर लोकांत माझं काय काम?"
"कुर्सी ठेवली आहे."

१९ ऑक्टो., रविवार
साडेसहाला चालू केली. सर आले. बाबा कुर्सीवर नाही बसले, धुतलेला शर्ट घालून टाकीजवळ उभे. ऑ.फो. पहिल्याच वेळी पास, गाइडिंग सीधं. अँड्रोमेडा येऊन राहिली स्क्रीनवर, साडेदहापर्यंत फोटोमागून फोटो, तारे गोल.
सर एकदम खुश. "शाबाश! नया पार्ट कहाँ से मंगवाया?"
बाबा वाकले. जुन्या कपलिंगवर त्यांच्या कानसीची खूण आहे, बारीक, नव्यावर नाही. ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, एक मिनिट. खाली पळाली.
माचिस सापडली. वर बोलायचं ते आधी इथं लिहून राहिली, दाणा मी टाकला, बाबांचं कपलिंग सीधं. वर सर परत विचारून राहिले, "भाईसाहब, आपको मालूम है?"
बाबांचा आवाज. "वो बताएगी."
जाते.