जास्मिनचा ड्रॅगन आणि माझा उपदेश

काष्टी, ता. श्रीगोंदा,
१९ मे

प्रिय दयाताईस धाकट्या शांतवनचा प्रेमाचा सलाम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून भांडतो, ते कळव. इकडे आम्ही दोघे प्रभुकृपेने बरे आहोत; मला तेवढे तोंड लपवून हिंडावे लागते, आणि त्याला कारण तुझी नात.

जास्मिन सुट्टीला आली ती चित्रांची तीन पुस्तके घेऊन. जपानी चित्रकथा, इंग्रजीत केलेली; अशा कथेला 'मांगा' म्हणतात (मी 'मागा' असे ऐकले आणि काय मागायचे ते विचारत बसलो). दहा दिवस पोर कुणाशी धड बोलली नाही. आंबा कापून दिला तरी एक हात फोडीवर, दुसरा पुस्तकात. मुखपृष्ठावर आग ओकणारा पंखांचा ड्रॅगन आणि त्याच्या मानेवर तिच्याच वयाची पोरे, हातात तलवारी. चौतीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला हे बघवेल का? मी पहिला भाग जप्त केला, त्यातले दोष पुराव्यासह काढावेत म्हणून दुपारी वाचायला बसलो, आणि ताई, खोटे कशाला सांगू, रडलो.

गोष्ट अशी. लढाई जिंकून पोरे ड्रॅगनच्या गळ्यात पडलेली. मग एकेक पोर त्याला सोडून जाते. जिवलग होते तेच त्याला ओळखेनासे होतात. बिचारा लहान लहान होत जातो आणि शेवटी अंड्यात शिरून आतून बंद करून घेतो. मैत्रीवर असे लिहिणारा साधा माणूस नव्हे, असे मला वाटले. पुढच्याच रविवारी चर्चमध्ये तरुणांना उपदेश करायची पाळी माझी होती (पाळकसाहेबांनी दहा मिनिटे दिली होती, मी पस्तीस घेतली). गोष्ट अशी रंगवली की शेजारच्या छबूबाईंनी डोळ्याला पदर लावून भर उपासनेत विचारले, "त्या मुक्या जनावराला येवढं कुनी दुखवलं वो गुरुजी?"

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून जास्मिन हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"आजोबा, तुम्ही पुस्तक शेवटापासून वाचलंत! ते उजवीकडून उघडायचं असतं. अंडं पहिल्या पानावर आहे!"

पाळकसाहेबांनी गीतपुस्तकात तोंड घातले. तरुण संघ हसून हसून बाकांखाली गेला. मी आठवडेबाजार चुकवला आणि जास्मिनशी अबोला धरला (तिला त्याचा पत्ता लागला नाही, कारण ती तरी कुठे बोलत होती).

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून ओट्यावर येऊन बसली. "चला, नीट वाचू." ती चौकटीवर बोट ठेवी आणि सगळ्या पोरांचे बोलणे वाची, ड्रॅगन माझ्याकडे. माझी डरकाळी ऐकून आमची मंडळी ओव्याचे पाणी घेऊन बाहेर आली. तिसऱ्या भागात आम्ही बंदरावर पोचलो. गोष्टीतल्या मुलीला जहाजात बसायचे आहे आणि ड्रॅगनला जहाजात घेत नाहीत. तिथे जास्मिनचे बोट थांबले.

"उलट की पान," मी म्हणालो.

"आईपण जूनमध्ये कुवेतला जाणार ना. आणि मी हॉस्टेलला."

मग पोर जी रडली, ताई! मी अजून ड्रॅगनच्याच आवाजात होतो, त्याच आवाजात म्हणालो, "मी हाय ना."

"ड्रॅगन असं बोलत नाही," ती म्हणाली, पण माझा हात सोडला नाही.

असो. माझी अब्रू गेली, घरात दिवसभर डरकाळ्या चालतात. पोरीला लवकर घेऊन जावे.

तुझा,
शांतवन

ता. क. : शेवटचे वाक्य खरे धरू नकोस. प्रार्थनाला नर्सची नोकरी मिळाली आहे, तिने खुशाल कुवेतला जावे. लेकीची काळजी तिला नको. पण जास्मिनला हॉस्टेलात ठेवायचे तू ठरवलेस, ते सोड. तिला आमच्याकडेच राहू दे. इथल्या हेडमास्तरांशी मी बोललो आहे (तुम्हा दोघींना विचारायच्या आधी बोललो, हे चुकले). तिला यातले काही कळू देऊ नकोस. तू नाही म्हणालीस तर तिचे मन मोडेल.

आणखी एक ता. क. : पत्र पेटीत टाकायला तिलाच दिले होते. ती पाकीट उघडून परत आली. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका तिने दुरुस्त केल्या आहेत, आणि 'तू नाही म्हणालीस तर' हे सबंध वाक्यच खोडून टाकले आहे. मी ते पुन्हा वर लिहिलेले नाही. तुला नुसते कळवले.