ड्रायव्हरशेजारची जागा

३ फेब्रुवारी १९४६, कडेगाव
राजकारण संपलं! लोकल बोर्डाच्या निवडणुकीत पडलो ते बरंच झालं. नऊ वर्षं लोकांची कामं केली आणि मतं मिळाली दुसऱ्याला. आता धंदा. कडेगाव–कराड मोटार सर्व्हिस, मालक मी. मोटार जुनी, पेट्रोल रेशनवर म्हणून कोळशाच्या गॅसवर चालते, पण रंग नवा. ड्रायव्हर जोतीराम — लढाईत लष्कराची लॉरी हाकायचा. पडलेला आप्पासो हे नाव पुसायचं. लोकांनी मोटारवाला आप्पासो म्हटलं पाहिजे.

आमची मंडळी, हरणाबाई, म्हणाली, "धंदा करा, पर भाषण करू नगा."

४ फेब्रुवारी
भाषण केलं. तेवढ्यात मोटार थंड पडली.

१० फेब्रुवारी
ड्रायव्हरशेजारी जागा एकच. ती मी लालासाहेब पाटलांना कबूल केली होती. नाथाजी व्यापाऱ्यालाही. कोंडीबा पैलवानालाही. राजकारणात हे चालतं — तिघं एका दिवशी कधी येत नाहीत. आज कराडचा बाजार. तिघंही आले.

पाटील म्हणाले, "बेंदराच्या मिरवणुकीत माझा बैल सगळ्यांच्या म्होरं, आन् मोटारीत मी मागं?"

नाथाजी म्हणाला, "हितं बैल न्हाई, मोटार हाय."

कोंडीबा सरळ जाऊन बसला. त्याला उठवणार कोण? मोटार सुटलीच नाही.

११ फेब्रुवारी
कमिटी नेमली. तिघंही अध्यक्ष.

१७ फेब्रुवारी
कमिटीनं पाळ्या लावल्या. आज पाळी पाटलांची, पण पाटलांना कराडात कामच नव्हतं. तरी जागा त्यांचीच! रिकामी गेली. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर. नाथाजी उतरताना म्हणाला, "उद्यापासनं आमी बैलगाडीनं." त्याच्यामागं निम्मा बाजार गेला. कोंडीबा आधीच रुसलेला.

२४ फेब्रुवारी
मोटारीत जोतीराम, मी आणि एक कोंबडी. तिचा मालक तिला विसरून मधेच उतरला होता. निवडणुकीत पडलो तेव्हा लोक निदान तोंडावर हसत होते. आज पारावरून कुणी मान वर करून बघितलंही नाही. फार लागलं मनाला.

मंडळी म्हणाली, "येत्या बाजाराला मी येते. तुमी गप बसा."

३ मार्च
गप बसलो. अवघड गेलं.

मंडळीनं तिघांनाही निरोप धाडला होता. तिघं आले तर पुढच्या जागेवर दगडाबाई बसलेली. धनगरवाड्याची सून, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी निघालेली. मंडळी दारात उभी.

"आजपासनं ही जागा बायकांची. रोजची. ज्याला मान पायजे त्यानं लुगडं नेसून यावं."

पाटलांनी नाथाजीकडं बघितलं, नाथाजीनं पाटलांकडं. दुसऱ्याला मिळत नाही म्हटल्यावर दोघांचंही समाधान झालं. मुकाट मागं जाऊन बसले. कोंडीबानं दगडाबाईचं गाठोडं उचलून आत ठेवलं. मोटार भरून सुटली.

मलाही सुचलं असतं. कमिटीच्या पुढच्या बैठकीत.

१२ मे
दुसरी मोटार आली. आता बायका बाजाराला एकेकट्याही जातात. कराडच्या मोटारमालकांनी मला त्यांच्या संघाचा अध्यक्ष केलं. भाषण झालं. बायकांच्या जागेची कल्पना कशी सुचली ते सविस्तर सांगितलं. मंडळीला बोलावलं नव्हतं.

२ जून
बोर्डातली आमच्या भागाची जागा रिकामी झाली. सकाळी पाटील, नाथाजी, कोंडीबा — तिघं मिळून दारात! मी काय ते ओळखलं. कोट चढवला, टोपी घातली, "नको, नको" कसं म्हणायचं ते आरशासमोर म्हणून बघितलं. बाहेर आलो.

"बसा आप्पासो," पाटील म्हणाले. "हरणाबाई हायत्या न्हवं घरात?"

मंडळी पिठाचे हात धुऊन आली. ऐकून घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हाते उभी."

टोपी काढून ठेवली.

१० जून
मंडळी अर्ज भरायला साताऱ्याला निघाली. कराडपर्यंत आपलीच मोटार. ती ड्रायव्हरशेजारी. मी मागं, उभा. वळून विचारलं तिनं, "तिकीट काढलं का?"

काढलं.