आत कापड न सोडलेला कॉम्प्युटर

प्रिय शालकमहाशयांस,

सप्रेम नमस्कार. तुमची पाठ आता सरळ होत असेल, खोकल्याने मुक्काम हलवला असेल आणि घरची मंडळी तुमच्यावर नेहमीइतकीच रागावलेली असतील, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. (सगळे म्हणजे आम्ही दोघंच, पण शिलाई मशीन आणि तुमची ताई एकदम सुरू झाल्या की घर भरल्यासारखं वाटतं.) पत्रास कारण, एक कबुली. तुम्ही ताईला भेट दिलेला तो कंपनीतून जोडून आलेला कॉम्प्युटर, ज्याच्या पाठीवर 'उघडू नये' असा स्टिकर होता आणि ज्याला 'भावोजी, तुम्ही तर हातच लावू नका' असं तुम्ही मला वेगळं बजावलं होतंत, तो आम्ही उघडला.

रागावण्याआधी ऐकून घ्या. दर रविवारी चारच्या ठोक्याला तुम्ही बहीण-भाऊ आपापल्या घरून कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात मोटारी पळवता आणि ताई ओळीने अकरा रविवार हरली, हे तुम्हाला माहीत आहेच. (तुम्ही दर वेळी 'ताई, वय झालं' म्हणून खिदळता, तेही आम्हाला इथे ऐकू येतं.) माहीत नाही ते असं, की अकराव्या हारीनंतर तिने हातातली कोटाची बाही बाजूला ठेवली आणि दूध संपलं म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "हात गेले माझे." अडतीस वर्षं कोट शिवणारी बाई! दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागली, कोट बंद, फक्त पँटी खालून दुमडून देईन. मी घसा फोडून सांगत होतो की दोष हाताचा नाही, डब्याचा आहे. पडद्यावर गाडी उचकी लागल्यासारखी जाते, झाड दिसतं ते त्याला धडकल्यावर. पण नवऱ्याचं ऐकून मत बदलण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

तेव्हा मी ठरवलं, चित्र काढणारं कार्डच नवीन बसवायचं. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस मी; टेप घेतली, डब्याची लांबी-रुंदी घेतली आणि सर्वांत दांडगं कार्ड मागवलं. तीन पंखे, वीट वाटावी असं वजन. डबा उघडला तर ते दोन बोटं जास्तच लांब! शिवाय त्याला विजेची वेगळी वायर हवी, जी ह्या डब्यात नाहीच.

"माप बाहेरून घेतलंत?" ताईने विचारलं. "कोट काय खुंटीला घालायचा होता?"

ह्यानंतर जे झालं ते मी नुसतं बघत होतो. गळ्यात टेप अडकवून ती डब्यात डोकावली, चष्मा वर केला, पुन्हा डोकावली आणि म्हणाली, "रेडीमेड आहे हो. आत कापडच सोडलेलं नाही." म्हणजे असं, की चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडं कापड राखतो, माणूस वाढला तर उसवून सैल करता येतं. कारखान्यातला कपडा काटकसरीने कापलेला. ह्या डब्याचंही तेच: जागा बेताची, वीजही बेताची, आणि विजेचा पुरवठा करणारी पेटी अशा विचित्र आकाराची की बाजारातली दुसरी तिथे बसायचीच नाही. मी दोन आठवडे इंटरनेटवर डोळे फोडून जे समजून घेऊ शकलो नाही, ते ह्या बाईने एका वाक्यात सांगितलं.

मग तिने आतलं माप घेतलं, पुठ्ठ्याचं कटिंग कापलं, स्क्रूच्या जागी खडूने खुणा केल्या आणि ते काखेत मारून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार आधी हसला. मग एकेक कार्ड कटिंगवर ठेवून बघता बघता त्याचं हसू मावळलं. सातवं कार्ड बरोब्बर बसलं: आखूड, एका पंख्याचं, वेगळी वायर न मागणारं. तो म्हणाला, "ताई, हे कटिंग मला द्याल?" ती म्हणाली, "परत आणून द्याल तर." (माझी वीटही त्यानेच बदल्यात घेतली.)

कार्ड तिनेच बसवलं. माझ्याकडे एकच काम होतं, पडद्याची वायर मागे खोचायची. ते मी केलं. रविवारी तुम्ही खेळलात आणि ताई बाराव्यांदा हरली. तिने शिलाई मशीनवर कव्हर घातलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी केर काढताना तिची नजर डब्याच्या मागे गेली. "अहो, बटण वरच्या काजात घातलंय तुम्ही." वायर मी जुन्याच भोकात खोचली होती! नवं कार्ड आठवडाभर पगार खात बसलं होतं. तिने वायर खाली लावली, आणि शालकमहाशय, पडद्यावर रस्ता उमटला. झाडाला पानं होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि मी तिच्याकडे.

तुमचा अपराधी,
भावोजी

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. येत्या रविवारी शेवटच्या वळणावर जरा हळू घ्या. एकदा जिंकली की मशीनवरचं कव्हर निघेल. तिला कळू देऊ नका. गयावया करतो आहे असं समजा.

ता.क. २ (अक्षर वेगळं दिसेल, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं होतं.) अरे, त्या खेळात जुन्या शर्यती साठवलेल्या असतात. काल बाराच्या बारा लावून पाहिल्या. आधी तुझी गाडी म्हणजे नुसता लाल डाग. आता स्वच्छ दिसतं, शेवटच्या वळणाआधी, सरळ रस्त्यावरच, दर वेळी तुझे मागचे ब्रेकचे दिवे लागतात. बारा वेळा थांबलास माझ्यासाठी, तरी मी झाडांनाच धडकत राहिले, आणि वर तू वय काढत होतास! डोळ्यांत पाणी आलं, मग रागही आला. रविवारी ब्रेकला पाय लावलास तर याद राख. कव्हर कालच काढलंय, तुझाच कोट बेतलाय. आत कापड भरपूर सोडते आहे. माप पाठवू नकोस, हातांना पाठ आहे.