बाटलीवरचा आकडा

३ जून, मगाडी

अखेर मुंग्यांचा विजय झाला. शिक्षकांच्या खोलीतल्या साखरेवर आज त्यांनी रीतसर ताबा घेतला. बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून माणसाला बिनमुंगीचा चहा मिळू नये, याची इतिहासाने नोंद घ्यावी. स्वाहिली शिकवणाऱ्या केरुबोबाई म्हणाल्या, "ओदुओर, भाषण पुरे. डब्याला झाकण आणा."

प्रयोगशाळेतून एक आणलं. चपखल बसलं.

४ जून

चहा निर्मुंगी.

२४ जून

शेवटच्या वर्गाची चाचणी – धुण्याचा सोडा. बाटलीवर लिहिलंय, मोलर वस्तुमान २८६. पोरांनी २.८६ ग्रॅम तोलायचा, पाण्यात विरघळवायचा – झाला मोलचा शंभरावा भाग. त्यातला दहावा हिस्सा घेऊन, रंगदर्शक टाकून, पिवळ्याचं गुलाबी होईपर्यंत वर आम्ल थेंबथेंब सोडायचं. हिशोबाने लागणार २० मिलीलिटर. आधी शिक्षकाने स्वतः करून बघावं असा नियम आहे. पण हिशोब येत असताना हात कशाला ओले करा?

२५ जून

एकेचाळीस वह्या. चाळीस जणांचं उत्तर वीसच्या आसपास. नाशिपाएचं ४६. शून्य दिलं. मुख्याध्यापकांचा फतवा आहे – यात नापास, त्याचं रसायन बंद. तिला नर्स व्हायचंय, आणि रसायनाशिवाय ते दार उघडत नाही.

ती आली. रडली नाही. "म्वालिमू सर, तीनदा केलं. तिन्हीदा सेहेचाळीस."

"मग बाकीच्यांना वीस कसं आलं?"

"आलं नाही. त्यांनी आधी हिशोब केला, मग आकडा लिहिला." वही पुढे केली. "सोडा वाळून भुकटी झालाय. आमच्याकडे घेवडा शिजताना ओला मगाडी सोडा मूठभर टाकतात, वाळलेला चिमूटभर. चुकलं तर आई पळीने मारते."

"परीक्षेत आई नसते, बाई," मी म्हणालो. गेली.

२६ जून

राहवलं नाही. शाळा सुटल्यावर स्वतः करायला बसलो. वीसला पिवळं. तीसला पिवळं. चाळीसलाही. सेहेचाळीस झाले, वर एक थेंब – आणि सगळं गुलाबी.

उलटा हिशोब मांडला. २८६ नाही, १२४. सोडा १०६, पाणी १८. सोड्याला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले असतात. त्यातले नऊ उडून गेले, एक उरला. तराजूला कळलं नाही, बाटलीला कळलं नाही, मला तर नाहीच. आम्लाने मात्र न दिसणारे अब्जावधी कण मोजले आणि नेमक्या थेंबाला थांबलं. बावीस वर्षं हे फळ्यावर लिहितोय. पाहिलं आज.

आणि त्या पोरीच्या आईला हेच चिमटीत कळतं.

२७ जून

नाशिपाएला चाळीसपैकी चाळीस गुण. चूक मास्तरची, असं मुख्याध्यापकांना लिहून दिलं. बाकी चाळीस जण सोमवारी पुन्हा करतील. न करता उत्तर लिहिणारा एकेचाळिसावा मी.

साखरेच्या डब्याचं झाकण काढून सोड्याच्या बाटलीला लावलं. झाकण तिचंच होतं; तीन आठवडे बाटली उघडी पडली होती.

चहात मुंगी निघाली. तिच्यासकट प्यायलो.