मांजराच्या कानावर शाळा

३ मार्च

आज पुन्हा तेच! भरतकामाचं मशीन मधेच थांबलं, कारण कॉम्प्युटर मधेच थांबला. पोहण्याच्या क्लबाचे टी-शर्ट चालू होते, खिशावर निळा मासा. अर्धा मासा भरून झाला आणि पडदा काळा. माशाला शेपूटच नाही! मी डोक्याला हात लावला. वन्सं म्हणाल्या, असाच देऊन टाकू, कुणी विचारलं तर सांगू की मागचा भाग पाण्यात आहे.

विनोदाचा घरातला सगळा वाटा ह्यांच्या थोरल्या बहिणीला मिळाला. ह्यांच्यासाठी काही उरलंच नाही.

४ मार्च

चालू झाला. पण पंखा असा घरघरतोय की बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, मिक्सर कशाला लावलाय?

वन्संच्या लेकीचा फोन आला होता. आई, आता पुरे झालं, माझ्याकडे राहायला ये, खोली रंगवून ठेवलीय. वन्संचं उत्तर नेहमीचंच. हा कॉम्प्युटर आहे तोवर मी इथे. तो गेला की मी मोकळी. नवीन शिकायला मला या जन्मी जमायचं नाही.

इतकी वर्षं हे ऐकून मी हसत आले. आज हसू आलं नाही. पंख्याचा आवाज ऐकला आणि उठून कॉम्प्युटर थोडा वेळ बंद ठेवला.

५ मार्च

ठरलं. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा, पण वन्संना तो नवीन वाटता कामा नये!

६ मार्च

दुरुस्तीवाले येऊन गेले. गोल चेहरा, गोल चष्मा, आणि कशालाही हात लावण्याआधी त्यावर फुंकर मारायची सवय. कीबोर्डवर फुंकर, वायरीवर फुंकर, चहावर तर फुंकरच फुंकर. वन्संनी लगेच नाव ठेवलं — फुंकरवाले.

त्यांचं म्हणणं, नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, स्वच्छ, कोरी, आणि तुमची डिझाइनं फक्त उचलून तिकडे ठेवू. मी म्हटलं, नाही. कोरं काही नको. हा जसाच्या तसा उचलून नव्यात ठेवा. सिस्टीम, डिझाइनं, भरतकामाचं ते जुनंपुराणं सॉफ्टवेअर, सगळं.

"मांजरासकट?" त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"मांजर आधी," मी म्हटलं.

आता त्यांना काय सांगणार! पडद्यावर आमच्या मॅनेजरचा फोटो आहे. लाल कापडाच्या ताग्यावर लांबलचक आडवा झालेला. मॅनेजर जाऊन बरीच वर्षं झाली. हयात असेपर्यंत गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून मॅनेजर. आणि आमची सगळी डिझाइनं त्याच्या अंगावर ठेवलेली आहेत. डाव्या कानावर शाळा. मिशांपाशी बेकरीवाल्यांचे एप्रन. पोटावर हॉटेलं, शेपटीवर दवाखाने, पुढच्या पंजावर खेळाचे क्लब. वन्सं नाव कधी वाचत नाहीत. "कानावरची तिसरी लाव गं," म्हणतात, की मी कानावरची तिसरी लावते. मीही नाव वाचत नाही. दोघींना कधी गरजच पडली नाही.

७ मार्च

फुंकरवाले सकाळपासून ठाण मांडून. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर चाललंय. एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते आहे. वन्सं समोर स्टूल टाकून बसल्यात, दूध उतू जाईल म्हणून राखण करतात तशा.

८ मार्च

काय दिवस गेला!

हिरवी पट्टी एकदाची भरली. नवीन कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकतेय. फुंकरवाल्यांचा चेहरा पडला. जुनी सिस्टीम, नवं यंत्र, दोघांची ओळख पटेना. दुपारभर ते काही ना काही बदलत राहिले, बंद करायचे, चालू करायचे, मधूनमधून फुंकर. आणि एकदम आमची नेहमीची सुरुवातीची धून वाजली! मी टाळ्या वाजवल्या. वन्संनी फुंकरवाल्यांच्या पाठीवर थाप मारली, तर चष्मा घसरून दोऱ्यांच्या डब्यात!

जुन्याला निरोप द्यायला म्हणून एकदा बटण दाबलं, तर डिस्क कर्र कर्र वाजली आणि थांबली ती थांबलीच. फुंकरवाले म्हणाले, संपली, पण वेळेत सगळं काढून घेतलं. काम पूर्ण करून गेला बिचारा.

मग नव्या पडद्याकडे नीट बघितलं. पडदा रुंद, त्यामुळे मॅनेजर आडवा ताणला जाऊन गोणीसारखा दिसतोय. आणि अंगावर एकही डिझाइन नाही! सगळी डाव्या कडेला ओळीने उभी, शाळेतली मुलं प्रार्थनेला राहतात तशी.

वन्सं माउस हातात धरून बघत राहिल्या.

"कानावरची शाळा कुठंय?"

फुंकरवाले म्हणाले, काही हरवलेलं नाही, रुंद पडद्यामुळे जागा बदलल्यात, नाव वाचून उघडा की. वन्संनी वाचायला सुरुवात केली. "नवीन. नवीन दोन. खरं नवीन. हेच. हेच नक्की. हे नको."

पुढे त्यांनी वाचलं नाही. चष्मा काढला, पुसला आणि चहा ठेवायला आत गेल्या. संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलताना ऐकलं. महिनाअखेरीला येते म्हणाल्या.

९ मार्च

ह्यांना सांगितलं. ह्यांचं म्हणणं, मुळात नावं धड द्यायला हवी होती. हे मला आज सांगतायत!

मला वन्सं जायला नकोयत. बस. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या दिवसापासून भांडायला कुणी मिळालं असेल तर त्या. दोऱ्याच्या रंगावरून भांडलो, रेडिओच्या आवाजावरून भांडलो, खिडकी उघडी की बंद यावरून तर रोज. त्या गेल्यावर खिडकी मला हवी तशी ठेवता येईल. काय करायचीय मला तशी खिडकी?

१० मार्च

सुचलं! जुना कॉम्प्युटर गेला, पण तो कुठल्या ना कुठल्या फोटोत आला असेलच की! आमच्या कामाच्या मागच्या खोलीत काय कमी फोटो काढलेत?

११ मार्च

सगळे फोटो पालथे घातले. वन्संचे, मशीनचे, गिऱ्हाइकांचे, मांजराचे तर ढीगभर. आणि सापडला! ह्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा. हे मधोमध उभे, हातात केक, आणि मागे आमचा पडदा, मॅनेजर, त्याच्या अंगावरची डिझाइनं, सगळं लख्ख. फक्त शेपटीच्या जागी ह्यांचं टक्कल! माणूस आयुष्यभर कधी वेळेवर जागेवर नसतो, आणि नको तिथे बरोबर उभा!

ह्यांना दाखवलं. म्हणाले, फोटो छान आलाय माझा.

१२ मार्च

फुंकरवाल्यांना फोन केला. त्यांनी मांजराचा ताण कसा घालवायचा ते समजावलं आणि आपोआप ओळीत लावायचं जे काही असतं ते बंद करायला सांगितलं. मग फोटो शेजारी ठेवून एकेक डिझाइन उघडलं, ओळखलं, उचललं आणि अंगावर ठेवलं. कान झाला. मिशा झाल्या. पोट झालं. शेपटीवरचे दवाखाने मात्र अंदाजाने. दातांचा आधी की डोळ्यांचा? टकलाला विचारून उपयोग नव्हता.

१३ मार्च

वन्संना हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माउस धरला, सरळ पुढच्या पंजावर गेल्या आणि मासा उघडला. मशीन टकटक करत चालू झालं, आणि या वेळी माशाला शेपूट आलं! भरगच्च, निळंशार, टोकाला पांढरा टाका. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हसलो.

"दातांचा दवाखाना शेपटीच्या टोकाला होता," त्या म्हणाल्या. "तू मधे ठेवलास."

मग विचारलं, हे सगळं कधी केलंस. मी सांगितलं. फोटो दाखवला. आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"नका ना जाऊ वन्सं. राहा. मी भांडू कुणाशी?"

त्या म्हणाल्या, बॉबिनमधला दोरा संपत आलाय, बघ.

१४ मार्च

मासे पुरे झाले. क्लबवाले खूश.

१५ मार्च

वन्संनी माझ्याकडे पेन ड्राइव्ह मागितला. कशाला ते सांगितलं नाही. दुपारी मी दोरा आणायला बाजारात गेले होते, परत आले तर फुंकरवाले जिन्यातून उतरत होते. मला बघून नुसतेच हसले आणि सटकले. वन्सं नक्की आमची डिझाइनं भरून घेतायत. लेकीकडे नेऊन आठवण म्हणून बघायला.

नेऊ देत. त्यांचीही आहेतच की. आज खिडकी त्यांना हवी तशी बंद ठेवली. भांडले नाही. त्यांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.

१६ मार्च

वन्संनी मला मागच्या खोलीत येऊ दिलं नाही! आतून कडी. म्हणे आवराआवर चाललीय. मी बाहेर बसून भाजी निवडली आणि निवडलेली टाकून देठं ठेवली.

१७ मार्च

सकाळी कडी उघडी होती. कॉम्प्युटर चालू केला — मॅनेजर नाही! पडद्यावर मी! कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून भरदुपारी झोपलेली, आ वासून. कधी काढला फोटो, देव जाणे; पेन ड्राइव्ह हवा होता तो यासाठी! कपाळावर शाळा. नाकावर मासा. उघड्या तोंडात दातांचा दवाखाना. फुंकरवाल्यांनी एकदा दाखवलं, बाकी सगळं आपण एकटीने लावलं म्हणून वन्सं मागे उभ्या राहून सांगतायत. "मॅनेजरला म्हटलं, आता आराम कर."

उजवा गाल अख्खा रिकामा होता. विचारलं, इथे काही ठेवायचं राहिलं का?

"पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी मग कुठे ठेवायच्या?" वन्सं म्हणाल्या, आणि खिडकी बंद केली.

मी उघडली.