आबांच्या हेडफोनची लांब वायर

लश्कर, ग्वाल्हेर
मंगळवार, ३० ऑक्टोबर १९५६

आज आबांच्या हेडफोनची वायर बदलली. जुनी विरून आवाज मधेच जायचा, आणि हेडफोनशिवाय त्यांना रेडिओ ऐकूच येत नाही. परवापासून आपलं राज्य नवं, राजधानी भोपाळ, म्हणून माझी कचेरीही तिकडं. आबा इथंच धाकट्या भावापाशी राहणार. माझ्यामागं त्यांचे हाल नकोत, एवढंच डोक्यात होतं.

नई सडकेवरच्या दुकानदारानं सुती वेष्टणाची आणि रबराची अशा दोन्ही दाखवल्या. म्हणाला, "रबरवाली लीजिए, कपड़ेवाली कुर्ते से रगड़कर कान में खरखर करेगी." रबराची घेतली, आणि मुद्दाम लांब. जुनी इतकी आखूड, की आबांना रोज रेडिओशेजारी, म्हणजे माझ्या टेबलाला खेटून बसावं लागायचं. आता खिडकीपाशी आरामखुर्चीत बसतील. घरीच कथलाचा डाक देऊन जोडली. आबा म्हणाले, "बढिया आहे."

दिवेलागणीला पाहतो, तर सगळ्या लांब वायरीची नीट गुंडाळी केलेली, आबा संस्थानच्या फौजेत असताना करायचे तशी, वरून बुटाच्या नाडीनं बांधलेली. मोकळी सोडलेली जुनीएवढीच. आणि आबा माझ्या टेबलाशी.

मग ही लांब वायर मी कुणाच्या सोयीची घेतली?

त्यांच्या एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हटलं, "आबा, खुर्ची खिडकीपाशी ठेवलीय."

"असू दे तिथंच," आबा म्हणाले. "तू भोपाळला गेलास की सोडीन नाडी."