खाटेखालच्या विटा

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अखेर डॉक्टरांकडे जाऊन आलो. नुसतं पित्त नाही. पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं, म्हणून छातीत जळजळ आणि रोज सकाळी घसा बसलेला. जेवून लगेच घड्याळं दुरुस्त करायला ओणवा होतो, तेच नडलं. पित्ताची गोळीही मी जेवणानंतर घ्यायचो. ती अर्धा तास आधी घ्यायची. सहा महिने पालथ्या घड्यावर पाणी!

आता झोपण्याच्या तीन तास आधी जेवण. उशांची चळत नको, त्यानं पोट दुमडतं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायच्या. बाबा असताना त्यांच्या खाटेखाली होत्या ना, तशा. त्या तू नेल्या होत्यास. असतील तर पाठव.

पथ्य माझ्याकडे, लोभ तुझ्याकडे.

तुझा,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. पाहुणे येणार होते, खाट तिरकी दिसत होती, म्हणून मी विटा काढल्या. चांगल्या विटा टाकवेनात म्हणून घरी घेऊन आले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. माझ्यापुढे बाबांचं कधी चाललं? पुढे ते खुर्चीत बसून झोपायला लागले, तर हे काय नवं खूळ म्हणून मी त्यांनाच बोलले. आज फार लाज वाटते रे. एका शब्दानं विचारायला हवं होतं.

विटा नळापाशी होत्या. घासून, धुऊन तुझ्या भाओजींबरोबर पाठवते. वेळेवर जेव, आणि माझ्यावर रागावला असलास तरी लिहीत राहा.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विटा पोचल्या. भाओजींनीच खाट उचलून लावल्या. जळजळ कमी आहे, पण झोप येत नाही.

मागच्या पत्रात मी साळसूदपणे विटा मागितल्या, अर्धीच गोष्ट सांगितली. तू गेल्यावर बाबांनी मला दुसऱ्या विटा आणायला सांगितलं होतं. उद्या आणतो म्हणालो. दुकानाच्या वाटेवर बांधकाम चालू होतं, नुसत्या मागायच्या होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, मी पुन्हा पुन्हा उद्या म्हणालो. मग त्यांनी सांगणंच सोडलं.

तेव्हा सगळं ओझं एकटीनं घेऊ नकोस. विटा दोन आहेत, ताई. एक माझी.

होता तेवढाच लोभ ठेव, जास्त मागायला तोंड नाही.

तुझा,
धाकटा